नव्या सदनिका-इमारती आणि रस्त्याबाहेरील वाहनतळाची सक्ती

१. प्रश्नाचे स्वरूप

नगररचनेच्या नियमावलीत काही नियम असे असतात की, त्यांचे प्रयोजन सांगताच ते पटतात, आणि पटल्यामुळेच पुढे त्यांची चिकित्सा होत नाही. नवी सदनिका-इमारत बांधताना तीत राहावयास येणाऱ्यांच्या मोटारींसाठी इमारतीच्या आवारातच ठरावीक संख्येने जागा ठेवली पाहिजे, हा असाच एक नियम होय. रस्ता सर्वांचा आहे. तो खाजगी मोटारींनी अडवून ठेवला जाऊ नये. म्हणून ज्याची इमारत त्याने तेथील मोटारींची सोय आपल्या भूखंडावर करावी, असा या नियमामागील युक्तिवाद आहे. तो वरवर पाहता निर्दोष दिसतो.

तथापि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या निर्दोषपणाविषयी शंका येऊ लागते. २००७ साली अंमलात आलेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यात एका मोटारीसाठी, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेसह, उघड्या जागेत २३, तळमजल्यावरील आच्छादित जागेत २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर क्षेत्र धरले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील कुटुंबासाठी घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते. दोन्ही मोजमापे एकाच जातीची नाहीत, हे मान्य केले पाहिजे. एकात वाटा व वळणे येतात, दुसऱ्यात भिंती व जिने येत नाहीत. तरीही तळघरातील एका मोटारीला एका गरीब कुटुंबाच्या घराइतकी बांधीव जागा लागते, हा निष्कर्ष टळत नाही. मग ही जागा कोणाच्या खर्चाने उभी राहते, आणि ती उभी करण्याची सक्ती केल्यामुळे घरांची संख्या व किंमत यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न केवळ वाहतूकशास्त्राचा राहत नाही. तो गृहनिर्माणाच्या अर्थशास्त्राचा होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडेसे. ‘रस्त्याबाहेरील वाहनतळ’ म्हणजे सार्वजनिक रस्त्याच्या कडेला नसलेली, भूखंडाच्या हद्दीतील वाहने उभी करण्याची व्यवस्था. मग ती उघडी असो, खांबांवरील इमारतीखालची, म्हणजे स्टिल्टमधील असो, तळघरात असो, किंवा पोडियमच्या मजल्यांवर असो. नियमाने जेव्हा ‘इतक्या सदनिकांमागे किमान इतक्या जागा’ असे बंधन घातले जाते, तेव्हा त्यास येथे ‘किमान मर्यादा’ म्हटले आहे. आणि ‘याहून अधिक जागा बांधता येणार नाहीत’ असे बंधन असल्यास त्यास ‘कमाल मर्यादा’ म्हटले आहे. या दोहोंतील भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

२. नियमाचा उगम

या सक्तीचा जन्म अमेरिकेत झाला. ओहायो राज्यातील कोलंबस या शहराने १९२३ साली सदनिका-इमारतींसाठी वाहनतळाची अट घातली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने १९३९ साली हॉटेले व रुग्णालये यांस ती लागू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, आणि ही अट नगरामागून नगरात पसरत गेली. रस्त्याच्या कडेची जागा विनामूल्य असल्याने ती भरून जात असे, आणि नव्या इमारतीमुळे आपल्या दारापुढील जागा जाईल ही भीती जुन्या रहिवाशांस वाटत असे. रस्त्यावरील जागेस मोल लावणे लोकांस अप्रिय होते. उलट भावी इमारतीवर अट घालणे सोपे होते, कारण त्या इमारतीत राहावयास येणारे लोक अद्याप मतदार म्हणून हजर नव्हते.

नियम इमारतीचे रूप कसे बदलतो याचा नमुना लॉस एंजेलिस येथे पाहावयास मिळतो. १९५० व १९६० या दशकांत तेथे दोन-तीन मजल्यांच्या, पुढील बाजूस बारीक खांबांवर उचललेल्या आणि खाली मोटारी उभ्या असलेल्या स्वस्त सदनिका-इमारती मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. ‘डिंगबॅट’ या काहीशा थट्टेच्या नावाने त्या ओळखल्या जातात. मुंबई-पुण्याच्या वाचकास हे चित्र अपरिचित वाटणार नाही. आपल्याकडील स्टिल्टवरील इमारत ही त्याच गरजेतून जन्मली. वास्तुशास्त्रज्ञाच्या रुचीपेक्षा नियमावलीतील एका कोष्टकाने इमारतीचा तळमजला ठरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

३. ‘गरज’ कशी मोजली जाते

किमान मर्यादेचा आकडा ठरविताना ‘गरज’ हा शब्द वापरला जातो. ही गरज कोणी, कशी मोजली? या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील प्राध्यापक डोनल्ड शूप (१९३८–२०२५) यांनी घेतला. त्यांचा ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला.

अमेरिकेतील नगररचनाकार ज्या संदर्भग्रंथाचा आधार घेत, तो तेथील वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेला होता. त्याच्या १९८७ च्या आवृत्तीत निरनिराळ्या १०१ भूमिवापरांसाठी वाहनतळाचे दर दिले होते. शूप यांनी दाखवून दिले की, त्यांतील निम्मे दर चार किंवा त्याहून कमी पाहण्यांवर आधारलेले होते, आणि २२ टक्के दर तर केवळ एकेका पाहणीवर. शिवाय पाहण्या बहुधा उपनगरांतील अशा ठिकाणी केल्या होत्या की, जेथे वाहन उभे करण्यास काहीच मोल पडत नव्हते व सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नव्हती. आणि मोजणीही सर्वाधिक गर्दीच्या वेळची होती.

यातील तार्किक दोष उघड आहे. जी वस्तू फुकट मिळते तिची मागणी मोजावयाची. ती मागणी म्हणजेच गरज असे समजावयाचे. त्या गरजेइतका पुरवठा कायद्याने करावयास लावावयाचा. पुरवठा विपुल झाल्यामुळे ती वस्तू पुन्हा फुकटच राहावयाची. आणि पुढील पाहणीत पुन्हा तीच मागणी मोजावयाची! किंमतीचा उल्लेख न करता मागणीचा आकडा सांगणे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही मान्य होणार नाही. परंतु नियमावलीच्या कोष्टकात तो आकडा बसला की, त्यास शास्त्रीय सत्याची प्रतिष्ठा प्राप्त होते.

४. नियमाची यंत्रणा : एक काल्पनिक उदाहरण

किमान मर्यादा घरांच्या संख्येवर कशी परिणाम करते हे समजण्यासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका भूखंडावर नियमाप्रमाणे एकूण २,००० चौरस मीटर राहण्यायोग्य क्षेत्र बांधता येते. जिने, भिंती इत्यादींचा विचार सोयीसाठी बाजूस ठेवू. विकासकाच्या मते तेथे ४० चौरस मीटरच्या ५० सदनिकांना गिऱ्हाईक आहे. इमारतीखाली स्टिल्टमध्ये १,००० चौरस मीटर जागा मोटारींसाठी मोकळी आहे. दर मोटारीस २८ चौरस मीटर धरल्यास तेथे ३५ मोटारी मावतात.

आता दर सदनिकेमागे एक जागा अशी अट आली. ५० सदनिका बांधावयाच्या तर आणखी १५ जागा हव्यात. त्यासाठी ३२ चौरस मीटरच्या हिशेबाने ४८० चौरस मीटरचे तळघर खणले पाहिजे. खोदाई, पाणीरोधक काम, उतारमार्ग, वायुवीजन, पावसाळ्यात पाणी उपसण्याची सोय, हे सर्व त्यात आले. विकासकापुढे तीन मार्ग राहतात. पहिला, तळघर बांधून त्याचा खर्च पन्नासही सदनिकांच्या किंमतीत मिळविणे. दुसरा, पंधरा सदनिका गाळून ३५ च बांधणे. तिसरा मार्ग सर्वांत स्वाभाविक आहे : सदनिका ३५ च ठेवावयाच्या, परंतु तेच २,००० चौरस मीटर क्षेत्र त्यांत वाटून प्रत्येक सदनिका सुमारे ५७ चौरस मीटरची करावयाची. अट सदनिकेच्या संख्येवर असल्याने मोठी सदनिका बांधणाऱ्यास लहान सदनिका बांधणाऱ्यापेक्षा दर चौरस मीटरामागे कमी जागा द्याव्या लागतात.

या तिसऱ्या मार्गात बांधकामाचे क्षेत्र तिळभरही कमी झाले नाही. तरी घरे ३० टक्क्यांनी कमी झाली, आणि जी उरली ती अधिक मोठी व अधिक ऐपत असलेल्या कुटुंबांसाठी झाली. लहान घर घेऊ इच्छिणारे कुटुंब या व्यवहारात कोठेच हजर नसल्याने त्याची तक्रारही नोंदली जात नाही. वाहनतळाच्या नियमाचा मोठा परिणाम न बांधल्या गेलेल्या घरांत दडलेला असतो. आणि जे बांधले गेले नाही ते पाहणीत सापडत नाही.

५. ओकलंड, १९६१

वरील उदाहरण काल्पनिक असले तरी त्यासारखेच प्रत्यक्ष घडल्याची एक नोंद उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने १९६१ साली नव्या सदनिका-इमारतींत दर सदनिकेमागे वाहनाची एक जागा ठेवण्याची अट घातली. ब्रायन बर्था यांनी १९६४ च्या आपल्या अध्ययनात अटीपूर्वीच्या चार वर्षांतील ४५ आणि नंतरच्या दोन वर्षांतील १९ इमारतींची तुलना केली. दर सदनिकेमागील बांधकामाचा खर्च १८ टक्क्यांनी वाढला, दर एकरी सदनिकांची संख्या ३० टक्क्यांनी घटली, आणि जमिनीचे मूल्य ३३ टक्क्यांनी उतरले, असे त्यांस आढळले. आमच्या उदाहरणातील ३० टक्के व ओकलंडमधील ३० टक्के यांचे साम्य हा योगायोग आहे. परंतु यंत्रणा तीच आहे. पूर्वीइतक्या सदनिका बसवावयाच्या तर जमिनीखाली वाहनतळ बांधणे भाग होते. तो खर्च टाळण्यासाठी विकासकांनी सदनिका कमी केल्या व त्या अधिक भाड्याच्या केल्या.

जमिनीच्या मूल्यातील घट विशेष विचारणीय आहे. वाहनतळाचा भार अखेर कोणावर पडतो, या प्रश्नाचे एक सामान्य उत्तर ‘गिऱ्हाइकावर’ असे देण्यात येते. ओकलंडचे आकडे सांगतात की, भार विभागला जातो. विकासक जमिनीसाठी कमी देऊ लागतो, म्हणून काही भाग जमीनमालकावर पडतो; घरे कमी व महाग होतात, म्हणून काही भाग भाडेकरूवर पडतो; आणि जमिनीवरील कराचे उत्पन्न मूल्यावर अवलंबून असेल तर काही भाग नगरपालिकेवर, म्हणजे सर्व करदात्यांवर पडतो. ज्याच्यासाठी हे सर्व केले त्या मोटारमालकास मात्र जागा ‘फुकट’ मिळते.

तथापि या अध्ययनाच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ही पूर्वोत्तर तुलना आहे. याच काळात व्याजाचे दर, लोकांच्या आवडी किंवा शहराचा आर्थिक कल बदलला असल्यास त्याचाही परिणाम आकड्यांत मिसळला असणार. तुलनेसाठी अट न घातलेले दुसरे शहर घेतलेले नाही, आणि १९ इमारतींचा नमुना लहान आहे. म्हणून ओकलंडचा पुरावा दिशादर्शक समजावा, निर्णायक नव्हे.

६. सक्ती काढून घेतल्यास काय होते?

सक्ती घातल्यानंतरचा परिणाम जसा पाहता येतो, तसा ती काढल्यानंतरचाही पाहता येतो. विकासकांनी बांधलेल्या जागा लोकांस खरोखर हव्याच असतील, तर सक्ती उठविल्यावरही ते तितक्याच जागा बांधतील. त्या घटल्या तर सक्ती गरजेहून अधिक होती असा निष्कर्ष निघेल.

लंडनमध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. २००४ साली तेथे गृहनिर्माणासाठी किमान मर्यादा जाऊन तिच्या जागी कमाल मर्यादा आली. झान ग्वो व शुआइ रेन या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात या बदलापूर्वीच्या व नंतरच्या गृहप्रकल्पांची तुलना केली आहे. पूर्वी दर घरामागे सरासरी १.१ जागा बांधल्या जात. नंतर ते प्रमाण ०.६३ वर आले. म्हणजे पुरवठा सुमारे ४० टक्क्यांनी घटला. याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. या घटीपैकी ९८ टक्के घट किमान मर्यादा काढल्यामुळे झाली आणि कमाल मर्यादा घातल्यामुळे केवळ २ टक्के झाली, असे त्यांचे अनुमान आहे. अर्थात विकासकांस कोणी अडविले म्हणून त्यांनी कमी जागा बांधल्या असे झाले नाही. भाग पाडणे थांबले म्हणून त्यांनी कमी बांधल्या. पूर्वीच्या आकड्यातील मोठा हिस्सा बाजाराच्या मागणीने निर्माण झाला नव्हता, नियमाने निर्माण केला होता.

अमेरिकेतही अनुभव याच दिशेचा आहे. लॉस एंजेलिसने १९९९ साली शहराच्या मध्यभागातील रिकाम्या पडलेल्या जुन्या कचेऱ्यांच्या इमारतींचे घरांत रूपांतर करताना नव्या वाहनतळाची अट सोडून दिली. दशकानुदशके ओस पडलेल्या इमारतींत त्यानंतर हजारो घरे झाली. मायकेल मॅनव्हिल यांच्या अध्ययनातून असे दिसते की, विकासकांनी वाहनांची सोय करणे सोडले नाही. पण पुष्कळांनी ती त्याच इमारतीत न करता जवळपासच्या विद्यमान वाहनतळांत केली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ साली सर्व भूमिवापरांसाठी किमान मर्यादा रद्द केली. त्यानंतरच्या मोठ्या प्रकल्पांपैकी ४७ टक्के प्रकल्पांनी पूर्वीच्या नियमाहून कमी जागा दिल्या, असे हेस व रेह्लर यांना आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकल्पांनी पूर्वीइतक्या किंवा अधिक जागा दिल्या, ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सक्ती उठली म्हणून वाहनतळ नाहीसे होत नाहीत. जेथे ते परवडतात व हवे असतात तेथे ते होतात. मिनिआपोलिसने २०२१ साली हाच मार्ग धरला, आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली कायदा करून महत्त्वाच्या सार्वजनिक वाहतूक-थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत अशी अट घालण्याचा नगरपालिकांचा अधिकार बहुतांशी काढून घेतला.

७. महाराष्ट्रातील स्थिती

आपल्याकडे हा नियम काही बाबतींत अमेरिकेहून वेगळा आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत जागांची संख्या सदनिकेच्या चटईक्षेत्राशी निगडित असते. अगदी लहान अशा चार सदनिकांमागे एक जागा, तर सर्वांत मोठ्या गटातील एका सदनिकेमागे दोन जागा, असा चढता क्रम असतो. ओकलंडच्या सरसकट अटीपेक्षा हा क्रम अधिक न्याय्य आहे यात संशय नाही, कारण मोटार बाळगण्याची शक्यता ऐपतीबरोबर वाढते. २०२० साली मंजूर झालेल्या व मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागास लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत मोटारींबरोबर दुचाकींसाठीही वेगळी तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारताच्या नागरी भागात ९.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, तर ३५.२ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती, हे लक्षात घेता ही तरतूद समर्पक म्हटली पाहिजे.

परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होते. मुंबईत नियमाप्रमाणे आवश्यक असलेल्या वाहनतळाचे क्षेत्र चटईक्षेत्र निर्देशांकात धरले जात नाही. त्यामुळे वाहनतळ ‘घराची जागा खात नाही’ असा समज होतो. कागदावर तो खरा आहे, व्यवहारात नाही. निर्देशांकात न धरलेल्या मजल्यासही सिमेंट, लोखंड, पाया व उंची लागतेच. पोडियमचे अनेक मजले मोटारींसाठी आणि त्यांवर घरे, ही आजच्या मुंबईतील नव्या उंच इमारतीची परिचित रचना या सवलतीचेच अपत्य आहे. रस्त्याने चालणाऱ्यास पूर्वी जेथे दुकाने, ओटे, खिडक्या आणि माणसांची वर्दळ दिसे, तेथे आता मोटारींच्या मजल्यांची आंधळी भिंत दिसते. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींचा तळमजला रस्त्याशी बोलत असे. नव्या इमारतीचा तळमजला रस्त्याकडे पाठ करून उभा असतो.

खर्च कोणी सोसावयाचा या प्रश्नास आपल्याकडे कायद्याचीही एक बाजू आहे. मुंबईतील दहिसर येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला. स्टिल्टमधील जागा १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याच्या अर्थाने ‘सदनिका’ अथवा ‘गॅरेज’ ठरते, म्हणून ती आपण स्वतंत्रपणे विकू शकतो, असे विकासकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. ही जागा सामाईक क्षेत्राचा भाग होय. विकासकास ती वेगळी विकता येणार नाही. सामाईक क्षेत्राचा मोबदला मात्र प्रत्येक सदनिकाधारकाकडून त्याच्या चटईक्षेत्राच्या प्रमाणात घेता येईल, असे न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय ग्राहकाच्या संरक्षणाच्या दृष्टीने स्वागतार्ह ठरला, कारण नियमाने जी जागा बांधावीच लागते तीच पुन्हा विकून दुहेरी लाभ घेण्यास त्यामुळे आळा बसला. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा दुसरा अर्थही होतो : ज्याच्याकडे मोटार नाही असा सदनिकाधारकही वाहनतळाच्या खर्चाचा आपला वाटा देतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतर महाराष्ट्रात ही स्थिती काहीशी बदलली. उघडी जागा विकता येत नाही, पण आच्छादित जागा करारात तपशील नमूद करून मोबदला घेऊन देता येते. शूप व त्यांचे अनुयायी ज्यास घर आणि मोटारीची जागा यांची किंमत अलग करणे म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही व्यवस्था आहे. मात्र तीत एक मूलभूत विसंगती राहते. जागा विकत घेणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे, पण जागा बांधणे विकासकाच्या इच्छेवर नाही. न खपलेल्या जागांचा खर्च तो शेवटी घरांच्या किंमतीतच घालणार.

जुन्या संस्थांपुरता एक मार्ग मात्र आजही मोकळा आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाहनाच्या जागा संस्थेने सभासदांस नेमून द्याव्यात, मागणी अधिक असल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि वाहनधारकांकडून त्यासाठी आकार घ्यावा, अशी तरतूद आहे. हा आकार बहुधा नाममात्र ठेवला जातो. तो जागेच्या खऱ्या मोलाच्या जवळ नेऊन त्या उत्पन्नातून सर्वांची मासिक वर्गणी कमी केली, तर मोटार नसलेल्या सभासदावरील अन्याय बराच दूर होईल. आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

८. एक गंभीर आक्षेप

येथवरच्या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे सर्व लंडनमध्ये ठीक आहे. आपल्याकडे सक्ती उठविली तर मोटारी कमी न होता त्या रस्त्यावर येतील, पदपथ अडतील, आणि अग्निशामक बंबास वाट राहणार नाही. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पायी चालणारा माणूस आपल्या शहरांत आधीच रस्त्याच्या मध्यावर ढकलला गेला आहे. सक्ती उठविण्याचे पहिले मोल त्याने द्यावे, हे कोणासही मान्य होणार नाही.

परंतु या आक्षेपाचे नीट पृथक्करण केले म्हणजे दिसते की, त्याचा रोख वाहनतळाच्या संख्येवर नसून रस्त्याच्या व्यवस्थेवर आहे. रस्त्याच्या कडेस रात्रभर मोटार फुकट उभी करता येत असेल, तर इमारतीतील जागेसाठी पैसे कोण देईल? ज्या आवारात जागा रिकाम्या आहेत त्याच्याच फाटकाबाहेर मोटारींची रांग लागलेली असते, हे दृश्य आपल्या शहरांत दुर्मीळ नाही. म्हणजे सक्ती असूनही रस्ता मोकळा राहत नाही. सक्तीने पुरवठा वाढविता येतो. फुकट पर्याय समोर असेपर्यंत त्याचा उपयोग करावयास मात्र ती भाग पाडू शकत नाही.

जपानने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. तेथे १९६२ च्या कायद्याने मोटार बाळगणाऱ्यावरच जबाबदारी टाकली : आपल्या निवासाच्या ठरावीक अंतरात (सध्या दोन किलोमीटर) मोटार ठेवण्याची जागा आहे असा पोलिसांचा दाखला मिळाल्याविना मोटारीची नोंदणी होत नाही, आणि रात्रभर रस्त्यावर मोटार ठेवण्यास मनाई आहे. येथे अट घरावर नसून मोटारीवर आहे. ज्यास मोटार हवी तो जागा भाड्याने घेतो. ज्यास नको तो त्यासाठी एक पैसाही देत नाही. महाराष्ट्र शासनाच्या परिवहन खात्यानेही २०२५ साली मोटारीच्या नोंदणीपूर्वी जागेचा पुरावा मागण्याचा विचार जाहीर केला. मात्र ही कल्पना स्वीकारताना तिचे दोन्ही भाग स्वीकारले पाहिजेत. रस्त्यावर रात्री मोटार ठेवण्यास प्रत्यक्षात बंदी नसेल, तर दाखला हा आणखी एक कागद ठरेल. आणि मोटारीवर अट घालूनही घरावरील अट तशीच ठेवली, तर एकाच गोष्टीची किंमत समाजाने दोनदा दिल्यासारखे होईल.

९. समारोप

सारांश, रस्त्याबाहेरील वाहनतळाची किमान मर्यादा हे गरजेचे तटस्थ मोजमाप नाही. मोटार ठेवण्याच्या खर्चाचा बोजा मोटारीवरून काढून घरावर ठेवणारा तो एक आर्थिक निर्णय आहे. ओकलंडचे आकडे त्याची किंमत सुचवितात. लंडनचे आकडे त्यातील सक्तीचा वाटा दाखवितात. आणि जपानचे उदाहरण सांगते की, रस्ता मोकळा ठेवण्यासाठी घरावर बोजा टाकणे हा एकमेव मार्ग नाही. ही मर्यादा उतरविण्याचा विचार करताना रस्त्याच्या कडेच्या जागेचे नियमन त्याआधी, निदान त्याबरोबर, झाले पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात करण्यासारखे काम पुष्कळ आहे, आणि त्यास मोठा खर्चही लागत नाही. पुणे किंवा ठाण्याच्या एखाद्या प्रभागात गेल्या काही वर्षांत पुऱ्या झालेल्या इमारती निवडाव्यात. मंजूर नकाशांतून सदनिका व वाहनांच्या जागा यांची संख्या काढावी. रात्री अकरानंतर आवारातील भरलेल्या व रिकाम्या जागा आणि त्याच वेळी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी असलेली वाहने मोजावीत. संस्था किती आकार घेते हे विचारावे. आणि मोटार नसलेल्या कुटुंबांची नोंद वेगळी ठेवावी. अशा पाहणीतून येणारा आकडा परदेशी ग्रंथातून उचललेल्या दरापेक्षा आपल्या नियमावलीस अधिक उपयोगी पडेल. ज्या कोष्टकातील एका ओळीने एका कुटुंबाच्या घराइतकी जागा मोटारीस दिली जाते, ती ओळ निदान आपल्याच शहरात मोजून लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा वावगी ठरू नये.